किंचाळणारे साठ

जहाजाच्या बोळांमधल्या कठड्यांत कागदी पिशव्या खोचायला सुरुवात झाली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं गप्प होतं. दर चार-पाच पावलांवर एक पिशवी. खोचणारा मुलगा शीळ घालत होता.

"अहो, हे बघितलंत?" मी म्हटलं.

"बघून राहिलो ना," हे म्हणाले. "चांगली सोय आहे."

ह्यांचं गाव नागपूर. समुद्र म्हटला तरी ह्यांच्या डोळ्यांपुढे आधी अंबाझरी तलाव येतो. मी अलिबागची. 'मी काय अलिबागहून आलोय का?' असं लोक विचारतात ना, तर हो, मी तिथूनच आलेय. कॉलेजात असताना रेवस ते भाऊचा धक्का हा प्रवास मी एसटीसारखा केलाय. त्यामुळे बोट लागलीच तर ती ह्यांना लागणार, याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. मुलीने दिलेल्या अ‍ॅव्होमिनच्या दोन पट्ट्या मी ह्यांच्याच बॅगेत ठेवल्या होत्या.

आम्ही अंटार्क्टिकाहून परत निघत होतो. तिथल्या पाच दिवसांबद्दल इथे लिहीत नाही, त्याचे फोटो नातेवाइकांनी सोसले आहेत. मला लिहायचंय ते परतीच्या वाटेबद्दल, म्हणजे ड्रेक पॅसेजबद्दल. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिकाजवळची दक्षिण शेटलंड बेटं यांच्यामधला हा समुद्र, अरुंद ठिकाणी साधारण ८०० किलोमीटर रुंद.

या समुद्राशी माझी ओळख खडूतून झालेली. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण गोलार्धातल्या पश्चिमी वाऱ्यांचा धडा आला की फळ्यावर तीन आडव्या रेघा मारायच्या आणि लिहायचं: ४०° गरजणारे चाळीस, ५०° खवळलेले पन्नास, ६०° किंचाळणारे साठ. मुलांना ही नावं फार आवडत. मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं किंचाळून दाखवत. मग मी कारण सांगायची. उत्तर गोलार्धात वाऱ्याला डोंगर, जमीन आडवी येते. दक्षिणेत साठ अंशांच्या आसपास पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाटेत जमीन लागत नाही. वारा मोकाट आणि लाटाही मोकाट. त्यात एका बाजूने अँडीज पर्वत आणि दुसऱ्या बाजूने अंटार्क्टिकाचं द्वीपकल्प अशी चिमटी, त्यातून सगळं पिळून निघतं. कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडून एकामागून एक येतच राहतात. दोन गुणांचा प्रश्न होता तो, 'भौगोलिक कारणे द्या'.

बुकिंगच्या वेळी समोरची मुलगी म्हणाली होती, "मॅडम, थोडं हलतं, पाळण्यासारखं." कंपनीचं नाव घेत नाही. तिची चूक काय, पोटापाण्यासाठी बोलत होती. पण जिने एकतीस वर्षं तो फळा रंगवला तिने मान डोलवावी?

जाताना समुद्राने आम्हाला फसवलं. दोन दिवस इतके शांत गेले की जहाजावरचे लोक त्याला 'ड्रेक लेक' म्हणत होते. हे हालत नाही तेव्हाचं नाव, हालतं तेव्हा 'ड्रेक शेक'. आमच्या गटातल्या पुण्याच्या एका काकांनी तर जेवताना जाहीर केलं की ड्रेकचे पैसे काही वसूल झाले नाहीत. परतीच्या दुसऱ्या दिवशी हे काका मला दिसले तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी कठडा दोन्ही हातांनी कवटाळला होता. वसूल झाले का, हे मी विचारलं नाही. मलाच बोलता येत नव्हतं.

निघायच्या संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर नकाशा. निळा रंग म्हणजे बरा समुद्र, मग हिरवा, पिवळा, लाल. आमच्या वाटेवर जांभळा डाग होता, जांभळाच्या बीएवढा. मोहिमेच्या प्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या की कॅप्टनने शेवटचं उतरणं रद्द केलंय, आपण अर्धा दिवस लवकर निघतोय, म्हणजे वादळाचा मधला भाग आपल्या मागून जाईल आणि आपल्याला फक्त कड लागेल. लोकांनी थोडी कुरकुर केली. शेवटचे पेंग्विन बुडाले म्हणून.

मग सूचना. टेबलावरचं सगळं जमिनीवर ठेवा. बॅगा आडव्या करून पलंगाखाली. कपाटांची दारं खटका लावून बंद. चालताना एक हात कायम जहाजाला. दाराच्या चौकटीवर बोटं कधीही ठेवायची नाहीत, जहाज कललं की दार आपोआप मिटतं आणि ते लोखंडी आहे. वादळात लोकांना सगळ्यात जास्त दुखापत यानेच होते, असं त्या म्हणाल्या. झोपताना लाइफ जॅकेट गादीच्या कडेखाली सरकवा, म्हणजे गादी खोलगट होते आणि माणूस भिंतीकडे टेकून राहतो. आणि शेवटी, चेहऱ्यावरची रेघ न हलवता: "पुरुषांना विनंती, शौचालयात बसूनच." हॉलमध्ये हशा पिकला. रात्री दोन वाजता त्यात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मला जाग आली ती आवाजाने. काचेची नव्हे, स्टीलची आमची पाण्याची बाटली. ती मी पलंगाखाली ठेवायला विसरले होते. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घरंगळत जायची, ठण्ण, थांबायची, परत. मी दिवा लावला आणि पहिली गोष्ट दिसली ती बाथरूमच्या दाराशेजारी खुंटीला लावलेला माझा गाऊन. तो भिंत सोडून खोलीत आला होता. हवेत, तिरका, कुणीतरी आत असल्यासारखा. मग हळूहळू परत भिंतीला टेकला, आणि पुन्हा निघाला. दोन-तीन वेळा बघितल्यावर मास्तरकी जागी झाली. गाऊन सरळ होता, ओळंब्यासारखा. वाकडी झाली होती ती भिंत, खोली, पलंग, मी. ती वीस-पंचवीस अंश तरी कलत असावी. कंपासपेटी असती तर मोजलं असतं.

आमची खोली खालच्या तिसऱ्या मजल्यावर, गोल खिडकीची. खिडकीत क्षणभर काळं आकाश दिसायचं, मग हिरवट पाणी काचेवर चढायचं आणि खिडकी भरून जायची. धुण्याच्या मशीनला पुढून काच असते ना, तशी. फक्त कपडे आतल्या बाजूला होते. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. दोन खलाशी आले, पाय फाकवून उभे राहिले, खिडकीवर जाड लोखंडी झाकण लावून पेचाने आवळलं आणि "गुड नाइट" म्हणून गेले. उगाच नाही लावत हे. २०२२ साली याच भागात एका प्रवासी जहाजावर मोठी लाट आदळून खोल्यांच्या काचा फुटल्या होत्या आणि एका प्रवासी बाईंचा जीव गेला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नसतं तर बरं, असं शिक्षकाला फार क्वचित वाटतं.

ह्यांना जाग आली. "काय गं?"

"वादळ लागलंय."

"मग झोप ना," म्हणाले आणि कुशीवर वळले.

आमच्या घरात समुद्राबद्दल एक गोष्ट सांगितली जायची. १७ जुलै १९४७, रामदास बोट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, वाटेत काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेत कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीचा एक मामेभाऊ त्यात होता. आजी सांगायची की बोट कलली तेव्हा माणसं घाबरून सगळी एका बाजूला धावली. पुढे तिच्याकडे कुणी पावसाळ्यात बोटीने जायचं नाव काढलं की ती फक्त "एका बाजूला" एवढंच म्हणायची. त्या रात्री जहाज डावीकडून वारा घेत उजवीकडे झुकायचं आणि तिथे थांबायचं. परत यायला वेळ लावायचं. त्या थांबण्यात मला आजी ऐकू येत होती.

भीती म्हणाल तर ती तासभर होती. खरी, पोटातली, रामरक्षेच्या ओळी मागेपुढे करणारी. मग मी आकडे मोजायला लागले. शाळेत वर्ग अंगावर आला की मी मनात आकडे मोजायची, तीच सवय. उजवीकडे कलून, डावीकडे जाऊन, परत उजवीकडे यायला साधारण तेरा. पुन्हा मोजलं, तेरा. चौदा. तेरा. जहाजाला स्वतःचा ठेका होता आणि ते तो सोडत नव्हतं. शंभर झोके मोजल्यावर भीती उरली नाही, कारण शंभर वेळा तेच ते झाल्यावर कशाचीच उरत नाही. त्यानंतर आली ती मळमळ, आणि ती मात्र आली ती राहायलाच.

पुस्तकात वाऱ्याचा वेग असतो. लाटेची उंची असते. ती किती वेळ सोसायची, हे कुठे लिहिलेलं नसतं. सिनेमातलं वादळ दहा मिनिटांत आटपतं, हे चौतीस तास चाललं. वादळात माणसाला लघवीला जावं लागतं, दात घासावे लागतात, चष्मा शोधावा लागतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत चार पावलं. पहिली दोन चढण, पुढची दोन उतार, म्हणजे शेवटी धावतच दारावर. त्यातून उंबरा वीतभर उंच. एक हात बेसिनच्या कठड्याला, एक टॉवेलच्या दांड्याला, मग नाडी सोडायची कशाने? मी ही गोष्ट अंटार्क्टिकाच्या कुठल्याही प्रवासवर्णनात वाचलेली नाही.

सकाळी सात वाजता मी तिसऱ्यांदा ओकले आणि पोटात काही उरलं नाही, तरी ओकतच राहिले. अ‍ॅव्होमिन रात्री घ्यायची असते, हालायला लागायच्या आधी. ती ह्यांच्या बॅगेत होती आणि ह्यांना कशाला लागतेय म्हणून तिथेच राहिली. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. हे नाश्त्याला गेले आणि पाऊण तासाने परत आले.

"काय खाल्लंत?" मी डोळे मिटूनच विचारलं.

"ऑम्लेट. दोन टोस्ट. अन् ते सॉसेज होतं ना..."

"नको. नका सांगू."

"ओले टेबलक्लॉथ टाकले आहेत बघ, बशी सरकू नये म्हणून. खुर्च्या साखळीनं बांधल्या. पंधरा-वीसच लोक होते, बाकी सगळे पडून राहिले." हे इतक्या कौतुकाने सांगत होते की मला त्यांचा राग आला. आमच्या बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पुष्कळ माफ केलंय, पण तो ऑम्लेट अजून नाही.

बोट का लागते तेही मी आठवीला शिकवायची. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतला द्रव हलला की मेंदूला कळतं आपण हलतोय. बंद खोलीत डोळे सांगतात, भिंत जागेवर आहे. कान सांगतात, तू झोपाळ्यावर आहेस. मेंदू गोंधळतो आणि पोटावर काढतो. म्हणून क्षितिज बघा म्हणतात, म्हणजे दोघांची साक्ष जुळते. पण क्षितिज बघायला चार मजले चढून जायचं, लिफ्ट बंद, आणि आमच्या खिडकीवर तर झाकण. जहाजाच्या डॉक्टर बाई आल्या, त्यांनी इंजेक्शन दिलं. त्यांनीही एका हाताने भिंत धरली होती आणि सुई टोचायला दोन झोक्यांमधला क्षण निवडला. मी मनात तेरापर्यंत मोजून त्यांना सांगितलं असतं.

इंजेक्शनने गुंगी आली. दुपारी बाराच्या सुमारास जहाजाची चाल बदलली. तोवर आम्ही उत्तरेला चाललो होतो आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे लाटा थेट कुशीवर. जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, ते पाण्यात उघडून झोके कमी करतात. पण वेग कमी केला की त्यांचा उपयोगही कमी होतो. आता कॅप्टनने नाक पश्चिमेकडे वळवलं होतं, लाटा समोरून घ्यायला. आडवं डोलणं कमी झालं. त्याच्या जागी दुसरं आलं. पुढची बाजू वर, वर, वर जायची आणि डोकं उशीत रुतायचं. मग वरच्या वर एक क्षण काहीच नाही. अंग हलकं, पांघरूण हलकं. आणि मग खाली. धडाम. अख्खं जहाज थरथरायचं, कपाटातले हँगर वाजायचे. त्या मधल्या काहीच-नाही क्षणाला मी अजून झोपेत दचकते.

१५७८ मध्ये फ्रान्सिस ड्रेकचं जहाज वादळाने असंच दक्षिणेला ढकललं गेलं होतं म्हणून या पाण्याला त्याचं नाव. पण पडल्यापडल्या मला आठवत होते ते दिलीप दोंदे. २००९-१० मध्ये नौदलाच्या या मराठी अधिकाऱ्याने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. बोट 'म्हादेई', गोव्यात बांधलेली, ५६ फुटांची. ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून याच पाण्यातून गेले. त्यांची कात्रणं मी शाळेच्या फलकावर लावली होती आणि खाली रंगीत खडूने 'धाडस' असं लिहिलं होतं. आमचं जहाज शंभर मीटरहून लांब, त्यात गरम पाणी, डॉक्टर, दोनदा चादरी बदलणारी माणसं. मला वाटलं, त्या माणसाला लघवीला जावं लागलं असेल तेव्हा सुकाणू कुणी धरलं असेल? 'धाडस'च्या खाली हा प्रश्न लिहायला हवा होता.

तीनच्या सुमारास आमच्या खोल्या बघणारा मुलगा आला. मडगावचा. पहिल्या दिवशीच आमचं मराठी ऐकून त्याने ओळख काढली होती. त्याच्या हातात झाकणाचा मग होता.

"पोट रितें दवरूं नाकात," तो म्हणाला.

कोकणी मला अर्धी कळते, ही पूर्ण कळली: पोट रिकामं ठेवू नका. मगात पेज होती. तांदळाची, कणीदार, मीठ घातलेली, वर लिंबाच्या लोणच्याचा तुकडा. प्रवाशांच्या जेवणात ती नव्हती. खाली कामगारांच्या मेसमध्ये गोव्याच्या आचाऱ्याने स्वतःच्या पोरांसाठी लावलेली. त्याने मला बसवलं, पाठीला उशी दिली आणि सांगितलं की घोट जहाज वर जाताना घ्यायचा, खाली जाताना नाही. मी तसंच केलं. वर, घोट. खाली, थांबा. वर, घोट. अर्धा मग व्हायला वीस मिनिटं लागली, आणि तो वीस मिनिटं दाराला पाठ लावून उभा होता. त्याला विचारलं, तुला कधी लागत नाही का? म्हणाला, पहिल्या कंत्राटाला नऊ दिवस लागली होती, बादली बरोबर घेऊन खोल्या झाडायचो, रजा कोण देतो.

पेज राहिली. उलटली नाही.

संध्याकाळी ह्यांनी मला वर नेलं. चार मजले चढायला आम्हाला अर्धा तास लागला. मधल्या हॉलच्या काचेशी एक खुर्ची रिकामी होती, ती जमिनीला बांधलेली. लाटा भिंतीसारख्या असतात असं वाटलं होतं. तशा नव्हत्या. टेकड्या होत्या, करड्या, त्यांच्या पाठीवर पांढऱ्या शिरा, आणि दोन टेकड्यांच्या मधे एवढी दरी की आमची दुमजली शाळा त्यात मावली असती. कॅप्टनने कर्ण्यावरून सांगितलं की वारा ५० नॉट, म्हणजे तासाला ९० किलोमीटरच्या वर, आणि लाटा ८ मीटर, काही त्याहून मोठ्या. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्टच्या शून्य ते बारा मापात दहा. मी फोनवर चित्रण करून बघितलं. त्यात तो समुद्र गणपती विसर्जनाच्या दिवशीच्या चौपाटीसारखा दिसतो. फोनला उंची कळत नाही. ज्यांनी तो बघितला ते सगळे म्हणाले, एवढंच?

आणि त्या वाऱ्यात एक अल्बट्रॉस होता. भटक्या अल्बट्रॉसचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात. मी जवळजवळ पाऊण तास त्याला बघितलं, त्याने पंख एकदाही फडफडवले नाहीत. लाटेच्या उताराला लागून खाली सरकायचा, तळाशी वळायचा, वाऱ्यावर चढायचा. ज्या वाऱ्याने आम्हा दोनशे माणसांना आडवं केलं होतं, त्यावर तो निवांत पहुडला होता. क्षितिज बघायचं विसरून मी त्यालाच बघत राहिले. मळमळ गेली नाही, पण मागे सरली.

तिथल्या निसर्गतज्ज्ञाने सांगितलं की 'बीगल' जहाजावरचा तरुण डार्विनही बोट लागून असाच पडलेला असायचा, आणि त्याच्या पोटात तेव्हा फक्त बिस्किटं आणि मनुका राहायच्या. ह्यांनी लगेच खिशातून पुडी काढली. नाशिकच्या मनुका, ठाण्याहून आणलेल्या. "घे," म्हणाले. "डार्विनचं औषध." ऑम्लेटचं पाप तेवढं कमी झालं.

दुसऱ्या रात्री कधीतरी आवाज उतरले. पहाटे मला जाग आली ती काहीच होत नव्हतं म्हणून. गाऊन भिंतीला चिकटून होता. आम्ही बीगल खाडीत शिरलो होतो, त्याच डार्विनच्या जहाजाचं नाव असलेल्या, दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी काळं आणि सपाट. कठड्यातल्या न वापरलेल्या पिशव्या तोच मुलगा गोळा करत होता. फार उरल्या नव्हत्या.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरात उतरलो, हॉटेलात गेलो. मला खणखणीत भूक लागली होती. मी अंघोळ करून बाहेर आले तर हे पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेले, चेहरा कणकेसारखा.

"काय झालं?"

"काहून गं, ही खोली हालून राहिली का?"

खोली दगडी इमारतीत होती. जमिनीवर आलं की काहींचा कान उलटा चालतो, समुद्राची सवय झाली की जमीन हलायला लागते. हेही मला माहीत होतं. हे उठले, भिंत धरत धरत गेले, आणि बाथरूममधून जो आवाज आला तो मी चौतीस तास स्वतःचा ऐकला होता.

मी पुडी शोधली. तळाशी सात-आठ मनुका उरल्या होत्या.